दिवस बुडायच्या आत दोनशे मीटर

मैदानावर पोचले की मी सगळ्यात आधी काय बघते, तर मोठं फाटक उघडं आहे का. ट्रॅकला दोन फाटकं आहेत. मोठ्यातून गाडी आत येते, लहानातून फक्त माणूस. मोठ्याला कधीकधी कुलूप असतं आणि त्या दिवशी माझं पळण्यात लक्ष लागत नाही. ॲम्ब्युलन्स बाहेर उभी आहे आणि मला उचलून तिथपर्यंत न्यावं लागतंय, असं डोळ्यांपुढं येत राहतं. कोण उचलणार तेही मी ठरवून ठेवलं होतं. संध्याकाळी आमच्याबरोबर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी असतात, त्यातली एक चांगली दणकट आहे. तिला मी एकदा हसत हसत सांगितलंसुद्धा, "मी पडले तर तू पाय धर."

"पडा की काकू," ती म्हणाली, "उचलतो आमी. लई जड न्हाईसा तुमी."

सगळ्या खिदळल्या. मीही हसले, पण मी चेष्टा करत नव्हते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. सकाळची शाळा, दुपारी घर, संध्याकाळी ट्रॅक. वय अठ्ठेचाळीस. माझ्या वयाच्या मैत्रिणी रंकाळ्याला फिरायला जातात, चालण्यापेक्षा जास्त बोलतात आणि येताना भेळ खातात. तसला शहाणपणा सोडून मी स्पाइक्स घालून दोनशे मीटर का पळते, हे घरात, शाळेत, गल्लीत कुणालाच कळलेलं नाही. जो तो मला गुडघ्यांची भीती घालतो. गुडघ्यांना मी भीत नाही. मी भिते छातीला, आणि त्याचं कारण सहसा कुणाला सांगत नाही.

कॉलेजात मी दोनशे आणि चारशे पळायचे. आमचं घर जयसिंगपूरचं, आण्णांचं, म्हणजे वडिलांचं, आडतीचं दुकान. मुलीला कोल्हापूरच्या हॉस्टेलवर शिकायला ठेवलंय अशी आण्णांची समजूत होती. मी पळायला राहिले होते. विद्यापीठाच्या संघात निवड झाल्यावर त्यांना सुगावा लागला. रागावले नाहीत. "पळ की," म्हणाले, "फकस्त तोंडावर पडून दात पाडून घेऊ नको. लगीन करायचं हाय अजून." हीच त्यांची परवानगी. पुढं वैशाखातल्या एका पहाटे मी ट्रॅकवर असताना हॉस्टेलच्या बाई स्वतः मला शोधत आल्या. त्या कधी मैदानाकडं फिरकत नसत, त्यामुळं त्यांना बघूनच मी जागच्या जागी थांबले. मी जयसिंगपूरला पोचले तेव्हा अंगणात माणसं दाटली होती आणि आण्णांवर पांढरी चादर होती. छातीत कळ आली आणि गेले, एवढंच मला सांगितलं गेलं. त्या वेळी घरात आई एकटीच होती. आण्णा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

आम्ही जैन. आण्णा गेल्यावर घरातल्या प्रत्येकानं काही ना काही सोडलं. भावानं कांदा-बटाटा सोडला, काकूनं गोड सोडलं. मला आईनं हाताला धरून चातुर्मासाला आलेल्या महाराजांपुढं नेलं आणि नियम घ्यायला लावला: सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही, जन्मभर. आण्णाही तो पाळत, आईही पाळते. मला त्या दिवसांत काहीही सोड म्हटलं असतं तरी मी सोडलं असतं. पळणंही त्याच वर्षी सुटलं, पण त्यासाठी कुणापुढं हात जोडावे लागले नाहीत. पुढच्या वर्षी लग्न होऊन मी कोल्हापूरला परत आले, ती संसाराला.

नियमाचा मला कधी जाच वाटला नाही. कोल्हापुरात हे पाळणं सोपं नाही, कारण इथं पाहुण्याला खाऊ-पिऊ घातल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही आणि लग्नाच्या पंगती रात्रीच रंगतात. "पाणी बी न्हाय? पाण्यानं काय हुतंय, मॅडम?" असं मला आजवर शंभरदा तरी विचारलं गेलं असेल. "काही होत नाही, म्हणूनच पीत नाही," असं माझं ठरलेलं उत्तर. नवरा रात्री जेवून वर चहा मारतो आणि मी समोर बसून भाजी निवडते. सासरी कुणी कधी बोललं नाही. हळूहळू तो नियम आहे हेच मी विसरून गेले. आपण श्वास घेतो हे कुणी सांगत बसत नाही, तसंच ते.

पळणं परत सुरू झालं ते शाळेच्या स्नेहसंमेलनात. क्रीडादिनाला शिक्षिकांची शंभर मीटर शर्यत ठेवली होती, मुलांच्या करमणुकीसाठी. मी साडीचा पदर खोचला, चपला काढल्या आणि शिट्टी वाजल्यावर मागं कोण आहे हे पाहिलंच नाही. अंगात काहीतरी खडबडून जागं झालं. दोरी छातीला लागली तेव्हा मला रडू येत होतं आणि मुलं टाळ्या पिटत होती. आठवड्याभरात मी बूट घेतले आणि एका निवृत्त क्रीडाशिक्षकांना गाठलं. ते संध्याकाळी भरतीच्या पोरापोरींना पळवायचे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "वजन उतरवायचं काय?"

"नाही सर. स्पीड पाहिजे."

"आता?" म्हणाले. मग शिट्टी गळ्यात अडकवत, "बघूया की. या उद्यापासनं."

पहिले दोन-तीन महिने मी आनंदात होते, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. हळू पळणं, मग शंभर-शंभरचे टप्पे, मग वळणावर झुकायला शिकणं. पिंढऱ्या दुखायच्या, जिना उतरताना कठडा धरावा लागायचा आणि तरी वर्गात मी विनाकारण हसायचे. खाण्यापिण्याचं वेळापत्रक मी नियमात बसवून घेतलं. दुपारी पोटभर जेवायचं, चारला थोडी भाकरी आणि तांब्याभर पाणी. ट्रॅकवर पाणी प्यायलं की पळताना पोटात डुचमळतं, म्हणून तिथं घोट नाही. वेगाचे टप्पे सर शेवटी घ्यायचे. ते संपेपर्यंत दिवस बुडालेला असायचा, म्हणजे मग थेट सकाळी. रात्री भूक लागायची, तर मी म्हणायचे, बरं झालं, तेवढंच पोट आत जाईल.

फाल्गुन संपता संपता ऊन तापायला लागलं आणि सरांनी पहिल्यांदा सगळे टप्पे जोरात घेतले: दोनशे पळायचं, चालत परत यायचं, पुन्हा दोनशे. घरी आले, आंघोळ केली आणि वाळलेले कपडे घडी घालत बसले. नवरा बातम्या बघत होता. एकाएकी छातीत एक ठोका पडलाच नाही. मग दोन घाईनं पडले, मग परत एक गाळला. जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं आतून झालं. मी हातातला शर्ट तसाच धरून बसले. हे तर आण्णांसारखंच झालं, असा विचार आला आणि तळहातांना दरदरून घाम सुटला. थोड्या वेळानं थांबलं. पुन्हा सुरू झालं. नवऱ्याला सांगायला तोंड उघडेना, कारण सांगितलं की ते खरं होईल असं वाटत होतं.

पुढं ते वरचेवर व्हायला लागलं. रोज नाही, पण पळून आलेल्या संध्याकाळी हमखास. नवऱ्याला शेवटी सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही हृदयाच्या डॉक्टरांपुढं बसलो. कार्डिओग्राम झाला, सोनोग्राफी झाली, फिरत्या पट्ट्यावर पळवून झालं. पट्ट्यावर मी तिथल्या मुलीला दमवलं. सगळं चांगलं. "पाणी व्यवस्थित पिता ना?" डॉक्टरांनी विचारलं आणि मी "भरपूर" म्हणाले. खोटं नव्हतं, दिवसभर माझ्या हातात तांब्या असतोच. कधी पिता, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. मग त्यांनी दिवसरात्र अंगावर ठेवायचं एक यंत्र लावलं. वायरी, चिकटपट्ट्या, कमरेला डबी. "रोजच्यासारखं सगळं करा," म्हणाले. मी सगळं रोजच्यासारखं केलं, फक्त पळायला गेले नाही. पोरींपुढं त्या वायरी घेऊन कोण जाणार, असं नवऱ्याला सांगितलं. खरं तर त्या डबीत आपलं मरण नोंदलं जाईल अशी मला भीती वाटत होती. अहवाल स्वच्छ आला.

"या वयात बायकांना होतं असं," डॉक्टर म्हणाले. "काळजी करू नका."

या वयात! मला इतका राग आला की बाहेर येऊन मी चपला उलट्या पायात घातल्या. या वयात माझा बाप मेला होता, हे मला त्या माणसाला ओरडून सांगायचं होतं. यंत्रांना सापडत नाही म्हणजे ते नाही असं नव्हे, ते लपून बसलंय, असंच मी धरून चालले. त्या दिवसांत नववीला हृदयाचा धडा आला. फळ्यावर आकृती काढताना मी मध्येच थांबून मनगटावर नाडी मोजायला लागले, आणि एका मुलीनं विचारलं, "बाई, बरं नाही का?" मी तिला दटावून खाली बसवलं.

"सोड की मग ते पळणं," नवरा म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. सोडलं असतं तर कुणी मला हसलंही नसतं. पण सोडलं तर ते कायमचंच, हे मला ठाऊक होतं. एकदा आण्णांबरोबर सुटलं, आता परत आण्णांमुळं सोडायचं, आणि मग उरलेला जन्म रंकाळ्याला चकरा मारत नाडी मोजायची. मला तसलं जगणं नको होतं आणि मरायचंही नव्हतं. म्हणून मी जात राहिले, आणि भीत भीत पळत राहिले.

भीत पळणं सरांच्या नजरेतून सुटलं नाही. दोनशेतलं वळण मी झोकात घ्यायचे, सरळीला लागल्यावरही पोरींच्या बरोबरीनं असायचे, आणि शेवटचे पन्नास मीटर राहिले की हात सैल पडायचे, मान मागं जायची. तिथून पुढं छाती फाटेल असं वाटायचं. सर घड्याळ बंद करून माझ्याकडं बघायचे.

"मॅडम, पाय हायत तुमच्याकडं. शेवटच्या पन्नासात ब्रेक कशाला दाबताय? मरणाला भ्याल्यागत करताय अगदी."

ते सहज बोलून गेले आणि पोरींना पुढचा टप्पा द्यायला वळले. मी तिथंच गवतावर बसले आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले.

वैशाखात आई आली. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कोल्हापुरात करायचं ठरलं होतं. माझी आई बोलायला फटकळ आणि नियमाला कडक. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा तिनं नर्सला बजावलं होतं, "दिवस बुडल्यावर गोळी देऊ नगंस, गिळणार न्हाय मी." मोठा काळा चष्मा लावून ती आमच्या सोफ्यावर जपमाळ घेऊन बसायची आणि घरात कोण काय करतंय ते एका डोळ्यानं टिपायची. मी पळायला जाते हे तिला माहीत होतं. तिला ते पसंत नव्हतं, पण आता मुलीला ओरडायचं वय राहिलं नाही म्हणून ती गप्प असायची. कॉलेजात असतानाही तिनं मला कधी पळताना पाहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी पळून आले आणि थंडगार वाटतं म्हणून फरशीवर उताणी पडले. छातीत ते सुरू झालं. हात आपोआप तिथं गेला.

"छातीत काय हुतंय?" आईनं विचारलं.

"काही नाही."

"मी अजून आंधळी झालो न्हाय. कवापासनं हुतंय?"

मग मी सगळं सांगितलं. कपड्यांच्या घड्या, डॉक्टर, वायरी, आण्णांचं वय, सगळं. सांगताना माझा आवाज लहान मुलीसारखा व्हायला लागला. ती घाबरेल असं वाटलं होतं, पण तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "तवा तहान लागती काय गं?"

"लागते की. घसा कोरडा पडतो. उन्हाळा आहे, पळून आलेय."

तिच्या बोटांत फिरणारी माळ थांबली. उठून आत गेली ती त्या दिवशी परत बाहेर आली नाही. पुढच्या वेळी मी बूट घालायला लागले तर ही लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात उभी.

"मी येतो बघाया."

"डोळ्यात धूळ जाईल आई."

"जाऊ दे."

तिला मी रिक्षातून नेलं आणि ट्रॅकच्या कडेच्या पायऱ्यांवर बसवलं. काळा चष्मा, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. भरतीच्या पोरींना मोठी गंमत वाटली. "काकू, आजीबी भरतीला काय?" असं एकीनं विचारलं आणि आईनं तिथूनच ओरडून सांगितलं, "तुझ्याआधी लागंन!" पोरी फिदीफिदी हसल्या. मला हसू आलं नाही. मोठ्या फाटकाला त्या दिवशी कुलूप होतं.

सरांनी तीन टप्पे घेतले. तिन्ही मी ब्रेक लावूनच पळाले. चौथा शेवटचा होता. पलीकडच्या वळणावर जाऊन उभी राहिले तेव्हा सूर्य उसाच्या रानावर टेकला होता. तिथून पायऱ्यांवरची आई लहान दिसत होती. ती वाकून, एक हात कपाळावर आडवा धरून मलाच शोधत होती. मला का कोण जाणे वाटलं, की हिनं मला अख्ख्या जन्मात एकदा तरी पूर्ण पळताना बघावं. शिट्टी वाजली. वळण संपलं, सरळी आली, शेवटचे पन्नास आले, नेहमीची ती भीती वर आली, आणि मी हात सोडले नाहीत. मान मागं जाऊ दिली नाही. दणकट पोर माझ्या शेजारी होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. रेषा ओलांडून मी पुढं पुढं गेले आणि सर मागून काहीतरी आनंदानं ओरडले.

थांबले आणि ठोका गेला.

ट्रॅकवर असं कधी झालं नव्हतं. एक गेला, मग तीन-चार एकदम धडधडत आले, मग परत पोकळी. मी आतल्या गवतावर गुडघ्यांवर आले. एकदाच ब्रेक काढला आणि नेमकं तेव्हाच हे, असं मनात आलं. फाटक बंद आहे. आई बघतेय. आईनं नवरा जाताना पाहिलाय, आता मुलगी बघेल. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती.

मान वर केली तर आई ट्रॅक ओलांडून येत होती. मुलांचे टप्पे चालू होते. "आजी, बाजूला! आजी!" असा ओरडा चालला होता आणि ही मधोमध, कुणाकडं न बघता, लुगड्याच्या निऱ्या एका हातानं उचलून. माझ्यापाशी येऊन ती गवतावर बसली, पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला, घरून गाळून भरून आणलेला. झाकण फिरवून उघडलं आणि माझ्यापुढं धरला.

"पी."

मला वाटलं तिच्या लक्षात आलं नाही. "आई, दिवस बुडाला."

"दिसतंय मला. पी."

"माझा नियम आहे. तूच घ्यायला लावलास."

"व्हय. मीच." तिनं तांब्या आणखी पुढं केला, पाणी काठावरून माझ्या गुडघ्यावर सांडलं. "तुझ्या आण्णांनी मागितलं हुतं."

मला कळेना ती काय म्हणतेय.

"दुकानातनं आलं आन् सोप्यात आडवं झालं. छातीवर हात, आता तू धरलायस तसाच. म्हटलं, पाणी दे गं. मी बाहीर बघितलं, तर दिवस गेल्ता. मी म्हटलं, दिवस बुडालाय की वो, आता सकाळीच. ते व्हय म्हणलं. परत मागितलं न्हाय. त्यास्नी बी नियमच हुता न्हवं."

"डॉक्टर तर म्हणाले होते की—"

"पाण्यानं वाचलं नसतं. म्हणालं डाक्टर. समदी म्हणाली. पर मागितलं हुतं की."

चष्म्यामुळं तिचे डोळे दिसत नव्हते. सर आणि पोरी जरा लांब घोळका करून उभे होते, जवळ यायला कचरत. मी विचारलं, विचारायला नको होतं तरी विचारलं, "मग मला का नेलंस महाराजांपुढं? मला तो नियम का लावलास?"

"तर काय करू?" ती एकदम मोठ्यानं म्हणाली. "आजारी माणसाला चालतंय म्हणून मला कुणीतरी नंतर सांगितलं. ते खरं धरलं तर मी काय केलं म्हणायचं? तू पाळायला लागलीस, तवा मला जरा झोप लागाय लागली. लेक बी पाळती म्हटल्यावर ते बरोबरच असंल, असं वाटायचं मला." मग आवाज खाली आणून, "परवा फरशीवर तू छातीला हात लावलास आन् म्हणालीस घसा कोरडा पडतोय. मला तेच दिसलं. पी गं बाई. ह्याचं प्रायश्चित्त मी घेतो. पी."

मी प्यायले. दोन्ही हातांनी तांब्या धरून, गटागटा, नाकातोंडात जाईपर्यंत. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच मी दिवस बुडल्यावर पाणी पीत होते आणि त्याची भीती छातीच्या भीतीहून वेगळी, थंड होती. आई माझ्या गळ्याकडं बघत होती. घोट आत जाताना दिसत असावा. तांब्या रिकामा झाल्यावर मी तो तिला परत दिला आणि म्हणाले, "तुझाही घसा सुकला असेल. घरी गेल्यावर तूही घे."

"माझं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझं हाय तसंच जाऊ दे."

ठोके जागेवर यायला बराच वेळ लागला. सरांनी चौकीदाराला शोधून मोठं फाटक उघडायला लावलं आणि रिक्षा थेट आत आणवली. डॉक्टरांना पुढं मी सगळं नीट सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. उन्हाळ्यात वेगाचं पळणं, घामातून जाणारं मीठ आणि त्यावर सकाळपर्यंत ना घोट ना घास. हे आधी का सांगितलं नाही, असं ते म्हणाले. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं, मी म्हणाले. त्यानंतर छातीतला तो प्रकार जवळजवळ थांबला. कधीतरी एखादा ठोका गळतो, आणि त्या क्षणी मी पूर्वीइतकीच घाबरते.

पळणं चालू आहे. शेवटचे पन्नास मीटर काही वेळा पूर्ण पळते, काही वेळा भीती जिंकते आणि सर कपाळाला हात लावतात. आई डोळा बरा झाल्यावर जयसिंगपूरला गेली. तिला फोन लावता येत नाही, ती भावाच्या सुनेकडून लावून घेते. मी मैदानावर असते त्या संध्याकाळी, दिवस बुडाला की गवतावर ठेवलेल्या पिशवीत फोन वाजतो. मी अजून धापा टाकत असते. ती कशी आहेस विचारत नाही, काही नाही.

"प्यालीस?"

"प्याले."

"किती?"

"तांब्याभर."

"बरं," म्हणते. पण फोन ठेवत नाही. तिकडून तिचा श्वास ऐकू येत राहतो आणि मला कळतं, की आपण आणखी एक घोट घ्यायचा आहे, तिला ऐकू जाईल असा. मी बाटली तोंडाला लावते आणि मोठा आवाज करून पिते. मग ती फोन ठेवते.